मोनालीचं ‘येते’ आणि जर्मन शेजारीण

आदरणीय नागेश भाऊजी, पवनारहून तुमच्या साळीचा, रूपाचा, जय भीम.

तुमचा गुडघा कसा हाये? ताई, तूर आणि तुरीवर येणारी रानडुकरं, सगळे आपापल्या जागी ठीक असतील. आमचं इथं झकास चाललं हाये. मोनालीच्या जर्मनीले जाण्यावरून तुम्ही माझा फोन उचलत नाई, म्हणून हे पत्र. पण घाबरू नका, त्या विषयावर मी एक अक्षर लिहिणार नाई. (नर्सची नोकरी पक्की झाली, फक्त तुमच्या ‘हो’साठी अडलं हाये, हे तुम्हाले माहीतच हाये.)

मी लिहून राह्यली ते माझ्या जर्मनच्या क्लासबद्दल. नुसतं व्याकरण घोकून परक्या मुलखात निभत नाई, तिथली रीतही कळाले पाह्यजे, म्हणून मी पोरींले एआयसंग बोलाले बसवलं. त्याले सांगतलं, तू जर्मनीतली शेजारीण हो. पहिली पाहुणी तुमचीच लेक. शेजारणीनं केक विचारला, मोनाली आपल्या वळणाप्रमाणं नको नको म्हणाली. शेजारीण बरं म्हणाली आणि केक उचलून आत घेऊन गेली. पुन्हा विचारते का म्हणून पोरगी वाट पाहत बसली. (केक खोटा, पण तोंड खऱ्यासारखं उतरलं.) शेवटी उठली आणि आपलं ‘येते’ शब्दाले शब्द जर्मन करून म्हणाली. तं ती बाई विचारते, कधी येतेस, कॉफी ठेवू का? मोनाली म्हणे, निघाली ना, म्हणून येते. बाई म्हणे, निघतेस का येतेस? मंग मीच मधात पडली आणि समजावलं, बाप्पा, आमच्याकडं निघणारं माणूस ‘जातो’ म्हणत नाई.

मोनालीची मैत्रीण कमला म्हणे, आता या एआयलेच आपली रीत शिकवू, तू मोनालीच्या गावचा, हिंगणीचा बाप हो. मोनालीनं विचारलं, बाबा, मी जर्मनीले जाऊ का? तं तो म्हणतो, तुझ्या निर्णयाचा मी आदर करतो. क्लास हसून हसून लोळला. असा बाप हिंगणीत सोडा, अख्ख्या सेलू तालुक्यात सापडाचा नाई. मंग आम्ही त्याले शिकवलं, का बाप आधी ऐकूच आलं नाई असं दाखवतो, मंग जेवली का विचारतो, आणि मंग गोठ्यात जाऊन बैलापाशी उभा राह्यतो. पोरीनं पुन्हा विचारलं, तं तो म्हणे, जेवली का? सगळ्या हसल्या. मोनाली हसली नाई. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाकी सगळं मजेत. ताईले सांगजा, लोणचं पुरून राह्यलं.

तुमची,
रूपा

ता. क. : त्या विषयावर एक अक्षर लिहिणार नव्हती. जमलं नाई, माफ करजा.

आणखी ता. क. : मोनाली रविवारी हिंगणीले येऊन राह्यली. खोट्या बापाले विचारून झालं, आता खऱ्याले विचारेल. ‘जा’ म्हणा असं मी म्हणत नाई, आपल्यात ते कोणी म्हणतच नाई. ती ‘येते’ म्हणेल, तेव्हा गोठ्यात जाऊ नका. ‘येजो’ तेवढं म्हणा.