रेषेजवळचा गुडघा

अकोला,
७ जानेवारी २०२५

चि. प्रियदर्शनीस,
सप्रेम जयभीम. वि. वि. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. कोपर सुकलं का?

परवा अमरावतीत बास्केटबॉलच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला तू चेंडू घेऊन कडेच्या रेषेलगत निघालीस, अडवणारीशी धडकून बाहेर पडलीस आणि मी चेंडू समोरच्या संघाला दिला. तुम्ही एका गुणाने हरलात. अशा वेळी पंचाने पडणारीकडे नाही, अडवणारीकडे पाहायचं असतं. मी पाहिलं होतं. वाट बंद करायला तिने गुडघा बाहेर काढला होता. फाऊल तिचाच. शिट्टी तोंडात होती, पण पंचाने बहिणीला जिंकवलं असं लोक म्हणतील, या भीतीने वाजवली नाही. मी चुकले. आयोजकांना कळवलं, पण निकाल बदलत नाही. अकोल्याच्या स्पर्धेतून माझं नाव काढायला सांगणार आहे.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझी ताई,
माया

अमरावती,
११ जानेवारी

ति. मायाताईस,
सा. जयभीम. राग आला, खोटं कशाला सांगू. इतके दिवस मी समजत होते की मीच आंधळ्यासारखी घुसले. प्रशिक्षक सरांनीही तेच ऐकवलं. विभागाच्या निवडीत माझं नाव लटकलंय ते वेगळंच. आई दर्यापूरहून फोनवर विचारत होती, की मायाले शिट्टी वाजवाले काय झालं होतं.

पण नाव काढलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. चूक करायची आणि घरी बसायचं, हे मला चालणार नाही. अकोल्याला उभी राहा. मला ढकललं तर वाजव, मी ढकललं तरी वाजव. निवडीचे लोक तिथेच येणार आहेत, तरीही.

कोपर बरं आहे. तिळाचे लाडू पाठव, मग लोभाचं बघू.
प्रियू

अकोला,
२० जानेवारी

चि. प्रियूस,
स. जयभीम. काल सामन्याआधी मनात आलं होतं, की तुझी मागची भरपाई करावी. मग ती बारीकशी मुलगी रेषेलगत पळाली, तू आडवी आलीस आणि ती पाण्याच्या बाटल्यांवर जाऊन पडली. तुझे चार फाऊल झालेत हे मला माहीत होतं. निवडीचे लोक समोरच बसले होते. मी फक्त तुझ्या पायाकडे पाहिलं आणि वाजवली. पाचवा फाऊल, तू बाहेर.

आई सामना बघायला आली ती माझ्याकडेच मुक्कामाला आहे, पण कालपासून माझ्यावर चिडून आहे. प्रियू, तू एवढंच कळव. तुझा गुडघा बाहेर होता ना?

तुझी,
माया

अमरावती,
२४ जानेवारी

ति. ताईस,
सा. जयभीम. होता. आईला फोन करून तेच सांगितलं, आता ती माझ्यावरही चिडली आहे.

निवड झाली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा उतरणार, गुडघा आत ठेवून. पंच तूच हवीस.

लाडू संपले.
तुझीच,
प्रियू