डाव्या पायातलं कडं आणि नातीचा दात

डाव्या घोट्याला अजून खाज सुटते. इतकी वर्षं झाली, तरी त्या जागी केस उगवत नाहीत. कातडी काळी पडून गुळगुळीत झाली आहे, घासून घासून भांड्याचा तळ होतो तशी. हे तुझं काम. तू सोनाराला सांगितलंस, कड्याचं तोंड जोडून टाक, पोरीला काढता येता कामा नये, आणि त्याने जोडलं. मी सात वर्षांची होते, आये, आणि मला कुणी काही विचारलं नाही. हे आधी सांगून घेते, मग बाकीचं. बरी आहेस का, असं विचारत नाही. मेलेल्या माणसाला ते काय विचारायचं.

तुला अक्षर येत नव्हतं, म्हणून तुला लिहायला बरं. वाचणाऱ्याला लिहिताना माणूस हात आखडतो. मीसुद्धा दुसरीच्या पुढे कुठे गेले? तिसरीची पाटी घेतली आणि तू मला मिठागरावर नेलंस, टोपली उचलायला. आता दुकानाच्या पाट्या आणि औषधांच्या डब्या वाचून वाचून हात थोडा वळतो. नातीच्या विज्ञानाच्या वहीची मागची पानं कोरी होती, ती घेतली. तिला म्हटलं, हिशोब लिहिते. तिने माझ्याकडे असं बघितलं की तिला खरं वाटलं नाही हे मला कळलं. पोरगी तुझ्यासारखी आहे, बोलत नाही आणि विसरत नाही.

तिच्याचसाठी हे सगळं. माझ्या मुलाची एकुलती एक, चौदा वर्षांची. या एका वर्षात एवढी उंच झाली की आईच्या डोक्यावरून बघते, नवीन घेतलेले कपडे दिवाळीपर्यंत पुरत नाहीत. मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर मोऱ्याच्या बंदरावर गेली होती, लाँचमधून फिरायला. उतरताना जेट्टीच्या पायरीवर शेवाळ होतं. तोंडावर पडली आणि वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. घरी आली तेव्हा मी एकटी होते, मुलगा आणि सून दोघं कामावर. ओठ सुजलेला, फ्रॉकवर रक्त, पण रडत नव्हती. दाताचं काय झालं ते शेवटी सांगते, आत्ता नाही.

सुनेने मोबाइलवर बघून उलव्याचा एक दातांचा डॉक्टर शोधून काढला. तिच्या भावाचं लग्न महिन्यावर आलं होतं आणि हळदीला पोरीच्या तोंडात भोक नको, एवढंच तिच्या डोक्यात. मी म्हटलं मीपण येते. तिला नको होतं, पण गाडीत मी आधी जाऊन बसले. दवाखाना काचेचा, बाहेर चारी बाजूंनी इमारती उठतायत, त्या काचेवर सिमेंटची धूळ. डॉक्टर तरुण, दात इतके पांढरे की मला त्याच्या दातांचाच संशय आला. त्याने टीव्ही लावला. त्यात एक स्क्रू फिरत फिरत हाडात जातो, वर एक दात येऊन बसतो, आणि बाई हसते. रक्त नाही, थुंकी नाही, काही नाही. म्हणाला, "आजी, अजिबात दुखत नाही." मी म्हटलं, "तुमाला नायच दुखणार." सुनेने माझा हात दाबला.

मग म्हणाला की हा दात लाइफटाइम आहे. मी विचारलं, कुणाच्या लाइफचा, तुमच्या का तिच्या? तो हसला. हसणाऱ्या माणसाने उत्तर दिलेलं नसतं, हे मी इतकी वर्षं बाजारात मासळी घेताना शिकले. तो म्हणाला, उशीर केला तर तिथलं हाड बारीक होत जाईल, म्हणून आत्ताच स्क्रू घालू, हळदीपुरता कच्चा दात लावू, पक्का नंतर. सून मान डोलवत होती. पोरगी खुर्चीत आडवी होती, तिच्याशी कुणी बोलत नव्हतं, तिच्या तोंडावरून आमची बोलणी चालली होती. मी विचारलं, "पोरगी अजून वाढते हाय. स्क्रू पन वाढंल का?" तो म्हणाला, "आजी, मोठी होईल तसं सगळं ॲडजस्ट होतं."

तिथे माझा घोटा खाजला. खोटं सांगत नाही, तुला खोटं सांगून मला काय मिळणार आहे.

कारण हेच तू म्हणाली होतीस. पहिलं कडं मी मिठागराच्या चिखलात हरवलं. पाय रुतला, ओढून काढला, तर पाय आला आणि कडं राहिलं. तू तीन दिवस तो चिखल हाताने चाचपलास आणि तीन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मग दुसरं केलंस, आणि ते घोट्यावर नेमकं बसेल असं जोडून घेतलंस, म्हणजे हरवायचा प्रश्नच नको. सोनार म्हणाला होता, "वैनी, पोर वाढंल." तू म्हणालीस, "मोठी झाली की चांदी सैल व्हते." हे तुला कुणी सांगितलं, आये? कुठल्या माणसाची चांदी आपोआप सैल झालेली तू बघितलीस? मी आठ वर्षांची होते, मग नऊ वर्षांची, आणि कडं तेवढंच होतं. तू खाली खोबरेल लावायचीस, फडक्याची चिंधी सरकवायचीस. वरून बांधावरची मिठाची टोपली, खालून खारं पाणी. ते पाणी कड्याच्या आत शिरतं आणि तिथेच बसून राहतं. मी पाय टेकवताना बाहेरच्या कडेवर टेकवते. लंगडते म्हणून बाया मला चिडवतात. दहाव्या वर्षी पू झाला, मांस कड्याच्या वर चढलं, अर्धं कडं दिसेनासं झालं. शेवटी बाजारात त्याच सोनाराने माझा पाय बघितला आणि तुला न विचारता मला दुकानात बसवून कानशीने कापलं. तू बाहेर उभी राहून त्याला शिव्या देत होतीस.

तर मी दुसऱ्या दिवशी नातीला शाळेतून परस्पर उचललं आणि रिक्षाने पनवेलला नेलं. जुन्या बाजाराच्या मागे एक डॉक्टरीण बसते, केस पिकलेली, पंखा आवाज करणारा. माझे शेवटचे दोन दात तिनेच काढले होते. म्हणून तिच्यावर विश्वास होता असं समजू नको. तिने पोरीला पहिल्यांदा विचारलं, पाळी कधी आली, वर्षात उंची किती वाढली. मग हाताचा एक्स-रे काढून आणायला सांगितला. मी म्हटलं झालं, हीपण त्यातलीच. दात तोंडात आणि ही हाताचे फोटो काढते. उद्या पायाचा सांगेल.

एक्स-रे आणला. तिने तो खिडकीच्या उजेडात धरला आणि मनगटाजवळ बोट ठेवलं. हाडाच्या टोकापाशी एक काळी रेघ होती. म्हणाली, "ही फट दिसते ना, आजी? ही भरेपर्यंत पोरगी वाढते आहे असं समजायचं. जबडापण वाढतो. आजूबाजूचे दात त्याच्याबरोबर खाली सरकतात, पुढे येतात. स्क्रू हाडाला चिकटून बसतो, तो जिथल्या तिथे राहतो."

"मंग काय व्हतं?"

तिने एक फोटो दाखवला, कुणाचा ते सांगितलं नाही. वरच्या दातांची ओळ सरळ, आणि मधला एक दात वर राहिलेला, आखूड, हिरडीसकट. बांधकामाच्या जिन्यात एक पायरी चुकीच्या मापाने बसते, तसा. म्हणाली, लहानपणी घाईने बसवलेला. आता ते काढायचं म्हणजे हाड कोरायला लागेल.

जो डॉक्टर काम करायला नको म्हणतो त्याच्यावर माझा जास्त संशय. मी सरळ विचारलं, "तुमाला येत नाय का ते करायला?"

"येतं की. म्हणूनच आत्ता नको म्हणते. अठरा होऊ दे, मग पुन्हा फोटो काढू. सहा महिन्यांच्या अंतराने दोन फोटो सारखे आले तर बघू. तोपर्यंत काढता-घालता येणारा दात देते."

"आनि तो उलव्याचा बोलतो हाड बारीक व्हईल ते?"

"ते खोटं नाही बोलला तो. थोडं होईल. तेव्हा हाड भरून घ्यावं लागेल, त्रास आहे त्यात. पण तो त्रास निस्तरता येतो, हा येत नाही."

इथे माझा तिच्यावर जरा विश्वास बसला. ज्याला गिऱ्हाईक पटवायचं असतं तो दुसऱ्याचं एवढं खरं करत नाही.

घरी सून पेटली. "आई, तुम्ही कुणाला विचारून नेलंत तिला? त्याच्याकडे सोमवारची वेळ घेतली आहे मी. तुम्हाला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं का?" मी म्हटलं, डॉक्टरकडूनच आले. ती म्हणाली, त्या म्हातारीला नवीन काही माहीत नाही. तिचंही मला कळतं. तिच्या स्वतःच्या लग्नाआधी तिचे पुढे आलेले दात बघून दोन घरं परत गेली होती, तिने ते कधी विसरलेलं नाही. मी मुलाकडे बघितलं. टीव्हीसमोर बसून तो जेवत होता. म्हटलं, तू बोल. तो म्हणाला, "डॉक्टर सांगतील तसं." मी विचारलं, कुठला डॉक्टर? त्याने पुढचा घास घेतला.

मग मी भांड्यांच्या फडताळातून डबी काढली. तू माझ्या लग्नात फडक्यात बांधून दिली होतीस ती, कापलेल्या कड्याचे दोन तुकडे, एक शब्द न बोलता. ती माफी होती का नुसती चांदी होती, मला अजून कळलेलं नाही. मी साडी वर केली, दोन्ही तुकडे घोट्याला लावून दाखवले. आता ते माझ्या पायाच्या निम्म्यालाही पोचत नाहीत. सुनेला म्हटलं, "ह्ये सात वर्साच्या पायाचा माप हाय. माझ्या आयेला पन वाटला व्हता, मोठी झाली की जमंल." सुनेची मान वळली नाही, तुकड्यांकडेच होती. नातीने एक तुकडा हातात घेतला, आपल्या मनगटाला लावून बघितला. म्हणाली, "मला नाही घालायचा तो स्क्रू. माझा दात आहे. थांबेन मी." त्या घरात तिला पहिल्यांदाच कुणी बोलू दिलं होतं, आणि तेही कुणी दिलं नव्हतं, तिनेच घेतलं. सोमवारची वेळ सुनेने रद्द केली, माझ्याशी चार दिवस न बोलता.

हळदीला पोरगी काढता-घालता येणारा दात लावून नाचली. मधेच तो काढून मामेबहिणींना घाबरवत होती. फोटोत कुणाला काही दिसत नाही. अठराव्या वर्षापर्यंत मी असेन का ते मला माहीत नाही, म्हणून एक्स-रे तिच्याच कपाटात ठेवायला सांगितला, तिच्या आईच्या नाही. तो उलव्याचा लबाड होता का त्याला खरंच तसं वाटत होतं, हे मी अजून ठरवलेलं नाही. तुझंही ठरवलेलं नाही.

आता दाताचं. घरचे समजतात तसा दात चिखलात नाही गेला. पोरीने तो रुमालात गुंडाळून मोऱ्याहून घरी आणला होता, मुळासकट अख्खा, आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, "आजी, हा नीट ठेव." मी तिचं तोंड धुतलं, ओठाला बर्फ लावला, आणि मग खिडकीशी जाऊन तो दात शेजारच्यांच्या पत्र्यावर फेकला. पडलेला दात घरात ठेवत नाहीत, छपरावर टाकतात, मग नवा येतो, हे तू मला प्रत्येक दाताला करायला लावलंस. आमच्या घराला आता कौलं नाहीत, म्हणून शेजाऱ्यांचा पत्रा. हात आधी गेला, डोकं मागून आलं. पत्र्यावर आवाज झाला तेव्हा आठवलं की हिचे दुधाचे दात कधीच संपले आहेत. त्या डॉक्टरणीने विचारलं, दात कुठे गेला? दुधात घालून लगेच आणला असता तर परत बसवायला बघितला असता, काही वर्षं तरी टिकला असता. मी तोंड उघडायच्या आत नात म्हणाली, "जेट्टीवर चिखलात पडला." आईबापालाही तिने तेच सांगितलं. माझ्याकडे बघितलंही नाही. पुढेमागे याच्यावरून ती मला पकडणार, हे मी ओळखून आहे. सुनेला मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. म्हणजे तुझ्यावर एवढं बोलण्याइतकी मी काही मोठी नाही, हे एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नको.

हे पान मी मिठाच्या बरणीखाली ठेवणार आहे, तिथे सून हात घालत नाही. तू कडं का घातलंस ते मला आता समजतं, घाबरून घातलंस. म्हणून या पत्राचं उत्तर तू द्यायचं नाही. बाबाने द्यायचं. बांधावरून टोपली घेऊन मी पुढे चालायचे आणि तो मागून, रोज, तीन वर्षं, आणि माझा पाय त्याच्या डोळ्यांसमोर होता. त्याला दिसलं नाही, का दिसूनही तो गप्प राहिला, हे त्याला विचार. आणि तो बोलेपर्यंत तू मधे तोंड घालायचं नाहीस.