एकसष्ट नंबरची हुर्यो

कॉब्ज फोर्ड, नॉर्थ कॅरोलिना
गुरुवार, दुपार

प्रिय लायल,

‘प्रिय’ या शब्दावर जाऊ नकोस. एकतीस वर्षं मी जिल्हा न्यायालयात स्टेनो होते. ज्यांच्याबद्दल काडीचा आदर नव्हता अशा न्यायाधीशांच्या नावापुढेही ‘माननीय’ टाइप करत आले. पत्राची रीत असते, ती मी पाळते. बाकी तुझ्याबद्दलचं माझं मत तुला ठाऊकच आहे. दर शनिवारी बाराव्या रांगेत उभी राहून ते मी तुला घसा फोडून ऐकवत आलेय, आणि हा माझा सातवा मोसम.

सात वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, लग्नाला अकरा दिवस उरले असताना, तू माझ्या मुलीला सोडून गेलास. एकशेचाळीस पत्रिका गेल्या होत्या. हॅम कुणी आणायचं आणि बटाट्याचं सॅलड कुणी, याची वाटणीसुद्धा चर्चच्या बायकांनी करून घेतली होती. तू मार्लिसला चार ओळींची चिठ्ठी लिहिलीस, त्यात कारण एकही नाही. ती तीन दिवस मागच्या पडवीत वॉशिंग मशीनशेजारी स्टुलावर बसून होती. मशीनच्या आवाजात रडलेलं ऐकू येत नाही, म्हणून ती रिकामं मशीन लावायची. हे तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगतेय. ऑगस्टमध्ये ती टेनेसीत नॉक्सव्हिलला नर्स म्हणून गेली. तेव्हापासून मला नाताळात एक फोन येतो आणि वाढदिवसाला एक कार्ड.

सगळा गाव आमच्या बाजूने होता आणि तू तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस. पुढच्या वर्षी रेस जिंकल्याचा तुझा फोटो पेपरात आला. हातात करंडक, तोंडभर हसू. माझी मुलगी दोनशे मैलांवर परक्या गावात, आणि तू हसतोयस! त्याच एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा रेसचं तिकीट काढलं. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. अर्ध्या मैलाच्या डांबरी रिंगणात पंचवीस माणसं डावीकडे वळत राहतात आणि मग घरी जातात, एवढीच माझी समजूत. मी आले होते फक्त तुझी हुर्यो उडवायला.

पहिल्या दिवशी मी दोन तासांत म्हातारी झाले. आवाज कानात नाही, बरगड्यांत शिरत होता. टायरचे काळे कण केसांत, कॉलरमध्ये, उकडलेल्या शेंगांच्या पिशवीत. कुठली गाडी कुणाची, काही कळेना. शेवटी तुझी गाडी दिसली असं वाटलं आणि मी उठून अशी काही बोंब ठोकली की पुढच्या रांगेतली बाई गर्रकन वळली. “काय हो, माझ्या नवऱ्याने काय घोडं मारलंय तुमचं?” मी सोळा नंबरवर ओरडत होते. तुझा एकसष्ट.

माझ्या शेजारी टोपीवाला एक म्हातारा तळलेल्या बोलोना सॉसेजचं सँडविच खात बसला होता. हसता हसता त्याला ठसका लागला. तो हॉइट टीग. मोज्यांच्या गिरणीत चाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. “बाईसाहेब,” तो म्हणाला, “हुर्यो जरूर उडवा, तिकिटाचे पैसे भरलेत तुम्ही. पण शिकून उडवा. तो नीट चालवत असताना ओरडलात तर लोक तुम्हाला हसतील, त्याला नाही.”

हे मला झोंबलं. मी पुढच्या शनिवारी वही घेऊन गेले.

हॉइटने मला काय शिकवलं ते ऐक, म्हणजे मी तुला कुठल्या डोळ्यांनी बघते ते कळेल. “सगळ्यात पुढच्या गाडीकडे बघू नका. पाचव्या-सहाव्या जागेवर बघा, खरी मारामारी तिथे असते.” “इंजिनाचं कौतुक नको. वळणात शिरताना कोण गॅसवरचा पाय आधी काढतो ते ऐका. जो आधी काढतो तो घाबरलाय, नाहीतर शहाणा आहे. दहा फेऱ्यांत कळेल कोणता.” त्यानेच मला शेपूट सुटलेली गाडी आणि नाक अडलेली गाडी यातला फरक दाखवला. एकीचा मागचा भाग बाहेर पळतो, दुसरी वळायलाच तयार नसते. आणि टायर! “टायरकडे बघा, टायर आधी सांगतो, ड्रायव्हरला नंतर कळतं.” मी सगळं शॉर्टहँडमध्ये टिपून घ्यायचे. फेरी, नंबर, काय झालं. सवयच ती. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत मी अशी नेमकी ओरडायला लागले की पुढच्या रांगेतले लोक वळून माझ्या तोंडाकडे बघायचे आणि ठरवायचे, काही चुकलं का म्हणून.

एकदा हॉइटने विचारलं, “पण त्या पोराने केलंय तरी काय?” मी म्हटलं, “माझ्या मुलीला लग्नाआधी टाकून गेला.” तो म्हणाला, “का?” मी म्हटलं, “ते त्यालाच विचारा.” आणि वहीत डोकं घातलं.

आता जे लिहिते ते लिहायला मला आवडत नाही. तिसऱ्या मोसमात, जुलैची गोष्ट, तू त्या पांढऱ्या मिशीवाल्या बत्तीस नंबरच्या मागे लागला होतास. त्याने आतली कड धरली होती आणि सोडत नव्हता. तू बाहेरून गेलास. बाहेरून वाट लांब, पकड कमी, भिंत हातभर अंतरावर. तीस फेऱ्या तुम्ही दोघं दाराला दार लावून फिरलात. मी मोजल्या आहेत. एकदाही तू त्याला लागला नाहीस. ढकललं असतंस तर दुसऱ्याच फेरीत पुढे गेला असतास, सगळे तेच करतात. प्रत्येक वळणात तुझी गाडी भिंतीकडे सरकायची आणि माझी पावलं समोरच्या लोखंडी पट्टीवर दाबली जायची, जणू ब्रेक माझ्याकडे होता. शेवटच्या वळणात त्याची शेपूट बोटभर हलली. मला दिसली. तुलाही दिसली. तू पुढे गेलास. सगळे उभे होते, मीही उभी होते, आणि हॉइट माझ्याकडे बघत म्हणाला, “मिस व्हर्लीन, आज तुमचा आवाज बसलाय वाटतं?”

मी ओरडले नव्हते. मी टाळ्या वाजवत होते.

त्याबद्दल मी तुला कधीच क्षमा करणार नाही. तुझ्यावर राग धरायला गेले आणि तुझ्याच पायी मला या खेळाची गोडी लागली. शनिवार आला की मी दुपारपासून घड्याळ बघते. हवा गरम असेल तर टायर किती टिकतील याचा विचार मी चर्चमध्ये प्रवचन चालू असताना करते. आणि वरून तुझा तो आगाऊपणा! रेसआधी ड्रायव्हर प्रेक्षकांसमोरच्या जाळीजवळ येतात तेव्हा माझ्यासमोर टोपी काढायची आणि म्हणायचं, “गुड इव्हनिंग, मिस व्हर्लीन.” त्याच आवाजात, दर वेळी. मी तुला शिव्या घालत असतानासुद्धा.

आता आठ नंबरवाल्या केंट हफमनचं. तुला सगळं माहीत आहे, पण माझ्या बाजूने काय दिसलं ते तुला कुणी नीट सांगितलेलं नाही. ज्या शनिवारी तो भिंतीवर आदळला, त्या दिवशी तू त्याच्या मागे होतास आणि आधीच्या आठवड्यात तुमची बाचाबाची झाली होती. धूर निवला, त्याला स्ट्रेचरवर घातलं, कंबरेचं हाड मोडलेलं, आणि लोकांना जे बघायचं होतं तेच त्यांनी बघितलं, की तू त्याला ठोकलंस. डबे फेकले, बाटल्या फेकल्या. तू हेल्मेट काखेत धरून उभा. बोल ना रे! मी बाराव्या रांगेतून मनात म्हणत होते, बोल! पण तू सात वर्षांपूर्वीसारखाच गप्प.

गेल्या शुक्रवारी अग्निशमन केंद्रात सभा झाली. तुला रेसमधून कायमचं बाहेर काढायचं ठरल्यातच जमा होतं, फक्त हात वर करायचे राहिले होते. रिंगणाच्या मालकाने विचारलं, कुणाला काही सांगायचंय का, आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. गावात तुझा माझ्याइतका द्वेष करणारं दुसरं कुणी नाही. त्यांना वाटलं, बाई आता शेवटचा खिळा ठोकणार.

मी चष्मा लावला आणि वहीतून वाचलं. “फेरी सत्त्याऐंशी. आठ नंबर, उजवा पुढचा टायर, धूर. एकसष्ट मागे, एक गाडी अंतर. आठ नंबर वळत नाही, सरळ भिंतीवर. एकसष्टचा स्पर्श नाही.” हफमनचा मेव्हणा उठून ओरडला, “मिस व्हर्लीन, तुम्ही त्याची बाजू घेताय? तुम्ही?” मी म्हटलं, “मी कुणाची बाजू घेत नाही. मला हा माणूस आवडत नाही. आणि हा माणूस हफमनला धडकलेला मला दिसला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, दोन्ही लिहून घ्या.” मग कुणीतरी जाऊन रिंगणाच्या शेडमधून तो टायर आणला. आतल्या बाजूला तारा उघड्या पडल्या होत्या. तुझ्या बंपरवर त्याच्या गाडीचा रंग कुठेच नव्हता. दोन आठवडे तिथेच उभी होती तुझी गाडी, आणि बघण्याची तसदी एकानेही घेतली नव्हती.

बाहेर पार्किंगमध्ये तू माझ्यामागे आलास. “थँक यू, मॅडम.” माझं डोकंच फिरलं. मी भर रस्त्यात तुझ्यावर ओरडले, “तुला तोंड नाही का? स्वतःसाठी एक शब्द बोलता येत नाही?” आणि तू माझ्याकडे बघून, अगदी हळू, म्हणालास, “बोलून काय होतं, मिस व्हर्लीन? तुम्हाला तर माहीतच आहे.”

हो. मला माहीतच आहे. तेव्हा आता तेही लिहिते, वहीतल्यासारखं. मंगळवार, सात वर्षांपूर्वीचा मे महिना. मार्लिस ड्रेसच्या मापासाठी गेलेली. तू माझ्या स्वयंपाकघराचं जाळीचं दार बसवत होतास. मी तुला म्हटलं, तिचा बाप ट्रक चालवता चालवता गेला तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. हॉस्पिटलच्या बाकावर तशीच बसलेली माझी मुलगी मला बघायची नाही. म्हटलं, तू तिला टायरचा वास आणि विधवापण याखेरीज काय देणार? म्हटलं, तुझं तिच्यावर खरं प्रेम असेल तर जा, आणि का गेलास ते तिला सांगू नकोस. तू स्क्रूड्रायव्हर ओट्यावर ठेवलास. “हो, मॅडम,” म्हणालास. आणि गेलास.

माझ्या कॉफीची वाफही जिरली नव्हती, लायल! जिथे फट नसते तिथे गाडीचं नाक खुपसणारा तू, एका विधवेला ओलांडून पुढे जाता आलं नाही तुला? माझ्याशी भांडायचं होतंस. दार आपटायचं होतंस. मी भ्यायले होते रे, आणि भ्यालेल्या बाईचं तू ऐकलंस. मग सात वर्षं मी ओरडत राहिले आणि तू माझ्यासमोर टोपी काढत राहिलास. एकदा, फक्त एकदा तू जाळीपलीकडून म्हणाला असतास, “बाई, हे तुमचं काम आहे,” तर मी सुटले असते. तू मला तेवढीही सुटका दिली नाहीस. म्हणून माझा तुझ्यावर राग आहे. आधीचा राग खोटा होता, हा खरा आहे.

पत्र लिहायचं कारण आता सांगते. रविवारी चर्चहून आल्यावर मी मार्लिसला फोन केला आणि सगळं सांगितलं. काही मऊ केलं नाही, काही गाळलं नाही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “सात वर्षं, आई?” आणि ठेवला. आज सकाळी तिचा फोन आला. शनिवारी रेस किती वाजता आणि गेट कुठलं, एवढंच विचारलं. मी म्हटलं, माझ्याजवळ जागा धरून ठेवते. म्हणाली, “तुझ्याजवळ मी बसणार नाही.” ती कुणासाठी येतेय, काय म्हणायला येतेय, मला माहीत नाही. तिचा आवाज माफ करणाऱ्या बाईचा नव्हता. ताशी नव्वद मैलांवर असताना ती तुला एकदम गर्दीत दिसू नये, म्हणून टपालात न टाकता हे पत्र मी तुझ्या गॅरेजच्या पेटीत स्वतः टाकणार आहे. शनिवारी साडेपाचला दोन नंबरच्या गेटवर ये, तिला मी तेच गेट सांगितलंय. हेल्मेट गाडीत ठेव. ती विचारेल, तेव्हा सगळं सांग. मी त्या दिवशी स्वयंपाकघरात तुला जे जे म्हणाले, ते शब्दन्‌शब्द सांग. या वेळी मला वाचवू नकोस.

तुझी, होता होता राहिलेली सासू,
व्हर्लीन स्टेमी