पत्नीच्या कानाशी बसून सिनेमा सांगण्यावरील मनाई उठविणेबाबत

प्रति,
मा. चित्रपटगृह परवाना अधिकारी,
परवाना व तक्रार शाखा,
दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

विषय : दृष्टी गेलेल्या पत्नीस चित्रपटगृहात शेजारी बसून पडद्यावरचे सांगण्यास अर्जदारावर घातलेली मनाई उठविणे, तसेच अलीकडच्या चित्रपटांतील अभिनयाबाबत कोणीतरी काहीतरी करणे.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची मनाईची नोटीस.
२) चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकांची तक्रार, जिची प्रत मागूनही मिळालेली नाही.
३) गेल्या शुक्रवारचा दुपारचा खेळ.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार पुढील हकिगत आपल्यासमोर ठेवीत आहे. ती शेवटपर्यंत वाचावी, ही पहिली विनंती.

१. अर्जदार हा दातांच्या दवाखान्यातील निवृत्त कंपाऊंडर असून त्याची पत्नी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली आहे. लग्न झाल्यापासून उभयतां दर शुक्रवारी नव्या सिनेमाच्या दुपारच्या खेळाला जात आले आहेत. पत्नीस प्रत्येक सिनेमा आवडतो. अर्जदारास एकही आवडत नाही. परतताना बसस्टॉपपासून घराच्या कुलपापर्यंत या विषयावर उभयतांचे कडाक्याचे भांडण होते आणि चहाचे आधण ठेवेपर्यंत ते मिटते. अर्जदाराच्या संसाराची घडी अशी बसलेली आहे व त्यात कोणत्याही कार्यालयाने लक्ष घालण्यासारखे काही नव्हते.

मध्यंतरी साखरेच्या आजाराने पत्नीची नजर अधू होत होत पूर्ण गेली. डॉक्टरांनी हात टेकले. अर्जदाराने सिनेमावर मनातल्या मनात पाणी सोडले होते. परंतु शुक्रवार उजाडला तशी पत्नी चपला घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चला. तुम्ही बघा आणि मला सांगा." तेव्हापासून अर्जदार तिच्या शेजारी बसून पडद्यावर जे चालले असेल ते तिच्या कानात सांगत आला आहे. प्रस्तुत प्रकरणाचे मूळ एवढेच आहे.

२. व्यवस्थापकांचे म्हणणे असे की, अर्जदार मोठ्याने बोलतो, कलावंतांची बदनामी करतो, आणि त्यामुळे दुःखाच्या प्रसंगी प्रेक्षक हसतात. आवाजाबाबत निवेदन असे की, दाढ कोरण्याच्या यंत्राच्या घरघरीत पेशंटला "आ करा" सांगण्यात अर्जदाराची हयात गेली. त्याची कुजबुज पुढच्या दोन-तीन रांगांना ऐकू जाते, हे तो नाकारीत नाही. बदनामीबाबत मात्र तो साफ इन्कार करतो. "नायिका दुःखात आहे, पण ओठांचा रंग मोडू नये म्हणून तोंड हलवत नाही," हे अर्जदाराने सांगितले ते खरे. परंतु नायिका तोंड हलवीत नव्हती. जे दिसते ते सांगितल्याने एखाद्याची अब्रू जात असेल, तर ती सांगणाऱ्याने घालविली असे कसे म्हणता येईल?

३. त्यानंतर व्यवस्थापकांनी अर्जदारास आपल्या थंडगार केबिनमध्ये बोलावून, यापुढे मत द्यायचे नाही, फक्त दृश्य सांगायचे, असे बजावले. अर्जदाराने ही अट तंतोतंत पाळली. त्या शुक्रवारी नायकाची आई वारण्याचा प्रसंग होता. अर्जदाराने सांगितले, "आई गेली. नायक उभा आहे." पत्नीने विचारले, "आता?" अर्जदाराने सांगितले, "उभा आहे." व्हायोलिने रडू लागली, पाऊस पडू लागला, कॅमेरा नायकाला तीन-चार प्रदक्षिणा घालून आला. पत्नीने पुन्हा विचारले. अर्जदाराचा नाइलाज होता. "अजून उभाच आहे. आता गॉगल घातला."

यावर पुढच्या रांगेतील एक गृहस्थ असे हसले की त्यांचे पॉपकॉर्न सांडले. व्यवस्थापकांनी ते पॉपकॉर्नही अर्जदाराच्या नावावर मांडले आहे. अट पाळली तरी गुन्हा आणि मोडली तरी गुन्हा, अशा परिस्थितीत नागरिकाने वागावे कसे, याचे मार्गदर्शन आपल्या नोटिशीत नाही.

४. येथे अर्जदार अलीकडच्या अभिनयाविषयी आपले म्हणणे एकदाचे नोंदवू इच्छितो. ते विषयाला सोडून आहे असे आपणांस वाटेल. तसे ते नाही.

अर्जदाराने दवाखान्याच्या बाकावर माणसे खरोखर कळवळताना पाहिली आहेत. दाढ ठणकणारा माणूस ओरडत नाही, तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकटक बघतो आणि मांडीवरचा रुमाल पिळत बसतो. असा रुमाल पिळणारा एक नट अर्जदारास अलीकडे दिसलेला नाही. हल्ली दुःख झाले की नट व्यायामशाळेत जातो. राग आला की सावकाश चालतो. प्रेम बसले तरी सावकाशच चालतो. त्यामुळे तो येतो आहे तो मारायला की मागणी घालायला, हे तो पोचेपर्यंत अर्जदारास सांगता येत नाही आणि पत्नी ताटकळते. नटाला काही करून दाखविण्याची वेळ आली की कॅमेरा आढ्याच्या पंख्याकडे वळतो. बापाचे काम करणारा मुलाहून तरुण दिसतो. नायिका अपघातातून उठते ती केस विंचरूनच. खलनायक एकेक शब्द असा चावतो की अर्जदाराच्या हिरड्या दुखू लागतात. आणि हे सर्व पाहून परीक्षण लिहिणारे लिहितात की, नायकाने संयत अभिनय केला आहे! चेहऱ्यावरची माशी हलली नाही, याला संयत म्हणायचे असेल तर दवाखान्यात भूल दिलेले सगळे पेशंट थोर कलावंत होते.

महोदय, अर्जदारास या प्रकाराची शिसारी आली आहे. साधा कंटाळा आला असता तर अर्जदार डुलकी काढून मोकळा झाला असता. माणसाच्या दुःखाची इतकी स्वस्त नक्कल करायची आणि वर ती अंधारात कोंडलेल्या लोकांना दाखवायची, याची ती शिसारी आहे. तरीही तो दर शुक्रवारी जातो, कारण पत्नीला जायचे असते.

५. आपल्या नोटिशीने अर्जदारास चित्रपटगृहात तोंड उघडण्यास मनाई झाली आणि त्याऐवजी पत्नीस कानात घालण्याचे एक यंत्र मिळाले. जागा दाखविणारा बॅटरीवाला ते दारातच देतो. त्यात पडद्यावरच्या दृश्यांचे वर्णन एका गोड बाईच्या आवाजात आधीच भरून ठेवलेले असते. ते सिनेमावाल्यांकडूनच येते, असे समजते.

हे यंत्र खोटे बोलते. पहिल्याच दिवशी अर्जदाराने शेजारून कान लावून ऐकले. यंत्र म्हणाले, "नायकाच्या डोळ्यांत वेदनेचा सागर उसळतो." अर्जदाराने निरखून पाहिले. नायकाच्या डोळ्यांत शूटिंगचा दिवा दिसत होता. अर्जदाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली, परंतु आपल्या आदेशाचा मान राखून त्याने रुमाल तोंडात धरला. खेळ संपल्यावर आवाराबाहेर येऊन, बसस्टॉपवर, त्याने पत्नीस सगळा सिनेमा पहिल्यापासून सांगितला. पुढच्या शुक्रवारी तो ऐकायला बसस्टॉपवर लोक थांबू लागले. त्यातल्या काहींनी तर सिनेमाला न जाता थेट बसस्टॉपच गाठला. यावर आपल्या कार्यालयाच्या शिपायाने घरी येऊन, बसस्टॉप हाही आवाराचाच भाग समजावा, अशी तोंडी समज दिली. अर्जदाराने तेव्हापासून घराचे कुलूप उघडेपर्यंत ब्र काढलेला नाही. घरी येईतो पोटातली चीड शिळी होते आणि शिळ्या चिडीने भांडण रंगत नाही, हे आपणही संसारी असाल तर जाणत असाल.

६. आता गेल्या शुक्रवारचा प्रकार. नवा सिनेमा लागला होता. बॅटरीवाल्याने नेहमीप्रमाणे यंत्र दिले, पत्नीने ते कानात घातले, अर्जदार रुमाल घेऊन बसला. मध्यंतराआधी पत्नीचे डोळे पुसणे सुरू झाले. पडद्यावर त्या वेळी मोटारींची शर्यत होती. अर्जदारास नवल वाटले, परंतु या सिनेमांत कोण कशाला रडेल याचा नेम नसल्याने व आदेश डोक्यावर असल्याने तो गप्प राहिला.

शेवटी नायक-नायिका जहाजावर पांढरे कपडे घालून नाचू लागली. सगळे थिएटर टाळ्यांचा ठेका धरीत होते आणि अर्जदाराची पत्नी हुंदके देऊन रडत होती. आधी एक रांग वळली, मग दुसरी. कोणीतरी हसले, मग बरेच जण हसले. बॅटरीवाला धावत आला, त्याने यंत्र हातात घेऊन पाहिले आणि कपाळाला हात लावला. "अहो काकू, ह्यात रात्रीच्या खेळाचा वेगळाच सिनेमा राहिलाय. बदलायचा विसरलो की."

महोदय, पत्नी अख्खा वेळ एका सिनेमात बसून दुसऱ्याच सिनेमाचे वर्णन ऐकत होती, आणि शेवटच्या नाचापर्यंत ते जुळत गेले. नायक आला, सावकाश चालला, आई गेली, व्हायोलिने रडली, सागर उसळला. ज्या बाईने एक्स्चेंजमध्ये नुसत्या "हॅलो"वरून माणूस ओळखला, तिला फरक कळला नाही. नंतर ती म्हणाली की, मोटारींचे आवाज आले तेव्हा तिला शंका आली होती, पण यंत्र कशाला चुकेल, आपलंच काहीतरी चुकत असेल, असे तिला वाटले. हे वाक्य अर्जदाराच्या डोक्यातून जात नाही.

अर्जदार तावातावाने व्यवस्थापकांकडे गेला. ते म्हणाले, "एवढं काय झालं? बहुतेक सगळं जुळलंच ना?" अलीकडच्या चित्रपटांवर याहून कडक टीका अर्जदारास आयुष्यात करता आलेली नाही. ती व्यवस्थापकांनी केली असून त्यांना कोणतीही नोटीस गेलेली नाही.

७. त्या दिवशी घरी आल्यावरही भांडण झाले नाही. चहाही तसाच गार झाला. पत्नीने सिनेमाच्या चपला कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवून दिल्या आणि यापुढे यायचे नाही म्हणून सांगितले. लोक हसले ते मनावर घेऊ नकोस, असे अर्जदार समजावू लागला, तेव्हा ती म्हणाली, "हसू देत. पण तुम्ही शेजारी बसला होतात, आणि मी एकटी रडत होते."

अर्जदाराने नोटीस दाखविली असती, पण ती तिला दिसत नाही.

८. सबब, विनंती अशी की,

अ) मनाई उठवून अर्जदारास पत्नीच्या शेजारी बसून पूर्ववत सांगण्याची परवानगी मिळावी. भिंतीकडच्या शेवटच्या खुर्च्या दिल्या तरी चालतील. आवाज चढल्यास पत्नी हाताला चिमटा काढील, या बोलीवर यायचे तिने कबूल केले आहे.

आ) हे शक्य नसल्यास, अंध माणसाला निदान आवाजावरून तरी कळेल इतका अभिनय करावा, अशी लेखी समज नटमंडळींना आपल्या कार्यालयातून जावी.

इ) हेही आपल्या अधिकारात बसत नसल्यास, आपण स्वतः एका शुक्रवारी उभयतांच्या मधल्या खुर्चीवर डोळे मिटून बसावे. एका कानाला यंत्र लावावे, दुसरा अर्जदाराकडे द्यावा, आणि मग काय तो निर्णय करावा.

९. प्रस्तुत अर्ज पूर्ण झाल्यावर पत्नीस वाचून दाखविला. परिच्छेद ४ ऐकताना ती त्या शुक्रवारनंतर प्रथमच हसली, आणि लगेच त्यावर हरकत घेतली. तिचे म्हणणे, सिनेमे काही एवढे वाईट नसतात, तुमचं आपलं काहीतरीच. अर्जदाराने विचारले, तुला काय माहीत, तू कुठे बघतेस? ती म्हणाली, "तुम्ही सांगता ना, त्यात चांगले असतात."

यावरून उभयतांत भांडण सुरू झाले असून ते अद्याप चालू आहे. सबब अर्ज येथेच थांबवीत आहे. निर्णय शुक्रवारच्या आत व्हावा.

आपला,
आदेशावरून गप्प बसलेला,

(सही)
अर्जदार, निवृत्त कंपाऊंडर

(सही)
अर्जदाराची पत्नी. सही तिने स्वतः केली आहे. रेघ सोडून वर गेली आहे, तरी ग्राह्य धरावी. परिच्छेद ४ तिला मान्य नाही.

दिनांक : बुधवार. तारीख आवक शिक्क्याप्रमाणे.

सोबत :
१) मनाईची नोटीस, घड्या पडलेली.
२) रुमाल, एक. दातांच्या खुणा पाहाव्यात.
३) येत्या शुक्रवारची दोन तिकिटे, शेजारशेजारच्या खुर्च्यांची. पाहून परत करावीत, लागणार आहेत.