ड्रॉवरमधला नंबर

अम्मी,

अब्बा सापडले. आधी एवढंच सांगून टाकतो, कारण तुला कुठलीही गोष्ट शेवटापासून ऐकायची सवय होती. मी शाळेतून धावत येऊन काही सांगायला लागलो की तू हात वर करायचीस, "आधी सांग, सगळे ठीक आहेत ना? मग लाव पाल्हाळ." तर सगळे ठीक आहेत. अब्बा दुपारचं जेवून आडवे झालेत, दार उघडं ठेवलंय, त्यांचं घोरणं इथपर्यंत ऐकू येतंय आणि आज ते मला गोड वाटतंय. मी दुबईत, अल कुसैसच्या या घरात खिडकीपाशी बसून हे फोनवरच टाइप करतोय. परवा जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

यंत्रांचं वेड मला अब्बांकडून आलं असं सगळे समजतात, कारण ते पुरुष. खरं तर ते तुझ्याकडून आलं. शारजात रोल्लाच्या आपल्या बिल्डिंगमध्ये पहिला मायक्रोवेव्ह तू आणलास, आणि वरच्या मजल्यावरच्या बायका त्यात पाणी उकळताना बघायला आल्या होत्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तुझ्याबरोबर जाणं म्हणजे जत्राच. किंमत दिरहॅममध्ये ऐकायचीस, तिथेच मोठ्याने रुपयांत करायचीस, "या अल्ला" म्हणायचीस आणि तरी हलायची नाहीस. आणि सेल्समनने सगळी बटणं दाबून दाखवली, वॉरंटी सांगितली, की तुझा तो एक प्रश्न यायचा. "बंद पडेगा तो क्या करने का?" तो म्हणायचा, मॅडम, जपानी माल है, बंद नहीं पडेगा. तू म्हणायचीस, "वो तो ठीक है, पर पडेगा तो?" मला लाज वाटायची. मी पंधरासोळा वर्षांचा, मला पुढच्या काउंटरवरचे फोन दिसत असायचे आणि तू तिथे मिक्सरच्या मरणाची चौकशी करत उभी.

आणि मग खोर फक्कानची ती ईद. मला नुकताच पहिला फोन मिळाला होता आणि मी सगळ्यांचे नंबर त्यात भरून डायरी फेकून दिली होती, अब्बांचीसुद्धा. तू बिर्याणीचं पातेलं घेऊन समुद्रावर चटईवर बसलेली, आणि मी नि अब्बा बर्फ आणायला म्हणून गेलो ते गर्दीत पार दुसऱ्याच टोकाला निघालो. फोनची बॅटरी गेली. एका भल्या माणसाने आपला फोन पुढे केला, "लो भाई, लगाओ." आणि आम्ही बापलेक एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो, कारण तुझा नंबर दोघांनाही पाठ नव्हता. बर्फाचं पाणी होईपर्यंत आम्ही फिरलो. सापडल्यावर तू ओरडली नाहीस, तेच वाईट होतं. ताटं वाढत शांतपणे म्हणालीस, "फोन हुशार झालाय, की तुम्ही मठ्ठ झालात?" त्या दिवसापासून आपल्या घरी नियम झाला. जेवायला बसलं की आधी अम्मीचा नंबर म्हणायचा, मग वाटीत कालवण. अब्बा एवढे रोल्लात दुकान चालवणारे माणूस, पण पाढे म्हणणाऱ्या पोरासारखे डोळे मिटून म्हणायचे आणि शेवटचा आकडा मुद्दाम चुकवायचे. तू पळी मागे घ्यायचीस. मग हसत बरोबर म्हणायचे.

तू गेल्यावर नियम संपला. मी शिकलो, नोकरीला लागलो, आणि माझ्या वेडाला पगार मिळाला. हे घर तू बघायला हवं होतंस. दाराला किल्ली नाही, बोट लावलं की उघडतं. जमिनीवर एक चकती फिरून झाडू मारते आणि सोफ्याखाली अडकली की माझ्या फोनवर रडते. दिवे बोलून लागतात, म्हणजे माझ्या मुलीने सांगितलं तर लागतात, कारण त्या बोलणाऱ्या डब्याला तिचं इंग्रजी कळतं. अब्बांनी "दिवा लाव गं" म्हटलं तर तो त्यांना हवामान सांगतो. ऑगस्टमध्ये एकदा कुलपाची बॅटरी संपली आणि आम्ही चौघं दाराबाहेर घामाने निथळत बसलो होतो, तेव्हा तुझा प्रश्न मला आठवला नव्हता असं नाही. पण मी नवं कुलूप घेतलं, जास्त मोठ्या बॅटरीचं.

दोन वर्षांपासून अब्बा विसरायला लागलेत. आधी चष्मा, मग आजचा वार, मग कधी कधी तू नाहीस हे. मी काय करणार? मी घड्याळ घेतलं. सिम असलेलं, पाण्यात न बिघडणारं, माणूस पडला तर कळवणारं. ते कुठे आहेत ते माझ्या फोनवर हिरव्या ठिपक्याने दिसतं आणि मी आखलेल्या हद्दीबाहेर गेले की माझा फोन किंचाळतो. ऑफिसात मी ते सगळ्यांना दाखवत फिरलो. अब्बांना घरात कोंडून ठेवायचं नाही, त्यांना एकट्याने मशिदीत जाता यावं, ही माझी जिद्द होती, आणि घड्याळाने ती पुरी केली होती. दोन गल्ल्या ओलांडून जायचे, दुपारच्या असरपासून सूर्य बुडून मगरीब होईपर्यंत तिथेच बसायचे, परत यायचे. ठिपका जायचा, ठिपका यायचा.

परवा मी घरूनच काम करत होतो. मीटिंग चालू, स्क्रीनच्या एका कोपऱ्यात ठिपका मशिदीत. मगरीब झाली, अब्बा आले नाहीत, तरी ठिपका मशिदीतच, म्हणून मी निवांत. चहा केला. मग म्हटलं, बघून तरी यावं. मशीद रिकामी. बंगाली खादिम नळांपाशी पुसत होता, त्याने मला बघून कट्ट्यावरून काहीतरी उचललं. "ये घड़ी आपका है? असर से इधर पड़ा है."

अम्मी, तेव्हा कुठे कळलं. वजूला हातपाय धुताना घड्याळ काढतात. मी स्वतः दर वेळी काढतो, काढून खिशात टाकतो, लहानपणी तूच शिकवलंस की खाली पाणी पोचलं पाहिजे. आणि मी पाण्यात चालतं म्हणून जास्त पैशांचं घड्याळ घेतलं, पण मनगटावरून ते दिवसातून पाच वेळा उतरणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. घड्याळ बंद पडलं नव्हतं. ते असरपासून इमानदारीने सांगत होतं की मी मशिदीत आहे. मी घड्याळ घेऊन पायरीपर्यंत धावलो. बाहेर रस्ते, ट्रक, कामावरून सुटलेल्या माणसांच्या बसेस, आणि त्यात कुठेतरी माझा बाप, ज्याला घराचा पत्ता सांगता येत नाही.

पोलिसांना लावायला फोन काढला तर तोच वाजला. माझी मुलगी. जिला तू बघितलं नाहीस ती. आता माझ्या खांद्याला लागते, तिला मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत, आणि अब्बांना दादा म्हणते.

"पप्पा, द फोन इन युअर ड्रॉवर वॉज रिंगिंग. इट वुडन्ट स्टॉप. आय पिक्ड इट अप. सॉरी."

ड्रॉवरमधला फोन म्हणजे तुझा नंबर. तो मी माझ्या नावावर करून घेतला होता. तुझा बटणांचा फोन नेटवर्कच बदलल्यावर मुका झाला, म्हणून सिम माझ्या एका जुन्या फोनमध्ये घातलं. बायको विचारते, कशाला पोसतोस तो नंबर? मी म्हणतो, बँकेचे ओटीपी येतात त्याच्यावर. त्या ड्रॉवरला कुणी हात लावायचा नाही असं मी घरात सांगून ठेवलंय.

"कोण होतं?"

"इट्स दादा. ही थिंक्स आय ॲम दादी." ती भराभर सांगत होती. "ही सेड, दुकान मिळत नाही, कम अँड गेट मी."

"मग तू काय म्हणालीस?"

"आय सेड, थांबा. येते."

दोनच शब्द, पण मराठीत. मी तिथे मशिदीच्या पायरीवरच बसलो. मागोमाग माझ्या फोनवर एका टॅक्सीवाल्या पठाणाचा फोन आला, मुलीने त्याला माझा नंबर दिला होता. "भाईजान, घबराना नहीं. चाचा कुसैस से मेरी गाड़ी में बैठा, बोला रोल्ला. अभी मेरे साथ है, चाय पी रहा है. घर पूछो तो दुकान बोलता है, दुकान तो इधर है नहीं. बस एक नंबर याद है उसको, आँख बंद करके बोलता है. मैंने बोला चलो, यही लगाते हैं. यल्ला, आराम से आओ."

आराम कसला! संध्याकाळी शारजाच्या हद्दीवर गाड्या कशा तुंबतात ते तुला ठाऊक आहे. नकाशा मला लाल रेघ दाखवत होता आणि आणखी वेगळे रस्ते सुचवत होता, तेही लाल. पण मी गाडीत एकटाच हसत होतो, रडतही असेन. जीव भांड्यात पडणं काय असतं ते मला त्या ट्रॅफिकमध्ये कळलं.

आपली बिल्डिंग होती त्या जागेसमोरच्या कॅफेटेरियात अब्बा घट्ट करक चहाचा कागदी कप धरून बसले होते. पठाण शेजारी, त्याची टॅक्सी वाकडी लावलेली. अब्बांना घाबरल्याचं नावही नव्हतं. मला बघून म्हणाले, "तू कशाला आलास? तुझी अम्मी येतेय. फोन उचलला तिने." मग जरा पुढे वाकून, पठाणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, "आवाज अगदी पोरीसारखा झालाय रे तिचा. मी म्हटलं, तब्येत सुधारली वाटतं."

मी म्हणालो, हो, सुधारलीय. अम्मी, शेवटच्या महिन्यांतला तुझा तो बसलेला आवाज मी इतकी वर्षं कानात घेऊन फिरतोय. त्या कॅफेटेरियात पहिल्यांदा तो जरा सैल झाला.

पठाणाचे मी हात धरले तर तो म्हणाला, "मेरा वालिद भी ऐसा है, उधर स्वात में," आणि गाडीत जाऊन बसला. अब्बा घरी येईपर्यंत झोपले. मुलगी दारात उभी होती. तिने त्यांना काही सांगितलं नाही, मीही नाही. तिने ताट वाढलं.

काल एका मित्राने ऐकून लगेच निकाल दिला, बघ, फेकून दे ती सगळी यंत्रं, जुनं तेच बरं होतं. मला हसू आलं. जुनं कुठे बरं होतं? नंबर पाठ असून उपयोग काय, पठाणाच्या खिशात फोन नसता तर? तुझं सिम आजच्या नेटवर्कवर चालत नसतं तर? माझा यंत्रांवर राग नाही, तुझाही कधी नव्हता. तू बंद पडल्यावर काय ते विचारायचीस. मला आता आणखी एक विचारायला पाहिजे, की ते चालू आहे, पण ज्याच्यासाठी घेतलं तो त्याच्याजवळ आहे का. घड्याळ अजून आहे, अब्बांच्या मनगटावर. शिवाय नाण्याएवढा एक ट्रॅकर बायकोने त्यांच्या कुर्त्यांच्या आतल्या शिवणीत शिवलाय. वजूला कुर्ता कुणी काढत नाही. आणि मी जुना नियम सांगितल्यापासून रात्रीचं जेवण वाढायच्या आधी मुलगी पळी वर धरून म्हणते, "दादा, नंबर?" ते डोळे मिटून म्हणतात. शेवटचा आकडा चुकवतात.

हे मी तुझ्या नंबरच्या चॅटमध्येच लिहितोय. पाठवलं तर ड्रॉवरमधला फोन वाजेल, अब्बा जागे होतील आणि विचारतील, तिचा आहे का? म्हणून पाठवत नाही. आणि अम्मी, बँकेचे ओटीपी त्या नंबरवर येत नाहीत. कधीच येत नव्हते.