अर्ध्या मशीनच्या बाईचं मरण

५ जाने., सोमवार
दुकानात विकास आलता, लग्नाच्या शूटिंगवाला. यूट्यूबसाठी पिच्चर काढतोय. पुढच्या काळातलं आपलं शिरूर कासार, म्हणे. चंदेरी ड्रेस शिवायचाय, अर्धी बाई अर्धी मशीन अशा खलनायिकेचा. माप कुणाचं? बाईच अजून मिळाली न्हाई. मी आपली पायडल मारत होते. त्याची नजर खाली गेली, माझ्या डाव्या पायावर. सातवीपासून गुडघ्याखाली नकलीच हाय.
"रंजनाताई, राग नका मानू. तुमीच करता का?"
राग आलाच. अर्धा तास टिकला. मग हो म्हणलं.

६ जाने.
आईला सांगितलं. "जलमभर झाकला आन आता गावाला दावती का गं?"
"झाकला तू. मी न्हाई."
ती जेवली न्हाई. मी जेवले, दोन भाकरी.

९ जाने.
स्क्रिप्ट वाचली. शेवटी हिरो माझा पाय ओढून काढतो आन मी बंद पडते. हिरो म्हणजे मोबाईल दुरुस्तीवाला बाळू. विकासला विचारलं, कावून?
"ताई, सगळ्या पिच्चरमधी तसंच असतंय. पार्ट काढला की मशीन खलास."
टीव्हीवरचे डब केलेले लई बघितलेत मी, हेमिंग करता करता. लोखंडी हातापायाचा एकतर दुष्ट, न्हाईतर मला माणूस करा म्हणून रडणारा. पाणी भरणारा, बाजारात मेथीचा भाव करणारा एकबी न्हाई. मी रोज पाय काढून आंघोळ करते, भाकरी थापते. आजवर एकदाबी बंद पडले न्हाई.
मरणार न्हाई, सांगून टाकलं. "मग हिरो जिंकायचा कसा?" ते त्याचं त्यानं बघावं.

१२ जाने.
वि. दुसरी पोरगी बघतोय. तिच्या पायाला चंदेरी कागद गुंडाळणार. लई झोंबलं. खोटं कशाला लिहू, मला हा रोल पाहिजे. आपल्याला लोकांनी बघावं असं जन्मात वाटलं नव्हतं, आता वाटतंय. पण मरून न्हाई.
ड्रेस तयार हाय. माझ्याच मापाचा शिवलाय.

१५ जाने.
वि. तिळगूळ घेऊन आला. पोरगी चालली की कागद फाटतोय. "या ताई. शेवट तेवढा माझ्या मनासारखा करा."
मी तिळगूळ खाल्ला. कबूल काही केलं न्हाई.

१८ जाने., रविवार
नदीच्या वाळूत शूटिंग. आई न सांगता आली, लांब बाभळीखाली बसली.
बाळूला पाय निघंना. शेवटी पट्टा मीच सैल करून दिला. निघाल्यावर मी पडायचं होतं. हात नाचवत एका पायावर उभी राहिले आन म्हणलं, "झालं का? दे आता इकडं." बाळू घाबरला. दिलाबी. विकास कट कट करत डोकं धरून बसला.
येताना आई म्हणाली, "साडीत असतीस तर पडली असतीस." एवढंच. पण बारा दिवसांनी बोलली.

२० जाने.
विकासचा फोन. "ताई, माझ्या पिच्चरला शेवटच न्हाई. रविवारी परत घेऊ. एकदाच मरा, हात जोडतो."
येते म्हणलं. बाळूला मरायची तयारी करून यायला सांग.