माइक कुणाला लावायचा

पनवेल,
६ ऑक्टोबर २०२५

ती. सोनूआत्यास,
कल्पिताचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोन केला की बाबा तो स्पीकरवर ठेवतात आणि सगळं घर ऐकतं, म्हणून हे पत्र प्रणयच्या हाती देते आहे. डिजिटल माध्यमाची पदवी घेणारी बहीण म्हणजे मित्रांच्या वाढदिवसाचे बॅनर फुकट करून देणारं दुकान, अशी या माझ्या भावाची समजूत आहे.

आत्या, मन कशात लागत नाही. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून आपल्या आगरी लग्नातल्या धवल्यांची, त्या विधीगीतांची, वेबसाइट करायला घेतली. कुठल्या विधीला धवलारीण काय गाते, ते तुझ्या आवाजात कुणालाही ऐकता यावं. आता हळदीला डीजेशिवाय काही ऐकू येत नाही, निदान हे तरी राहावं. पानं झाली, चित्रं झाली. आवाजाची जागा रिकामी आहे. सर म्हणतात, खरं रेकॉर्डिंग नसेल तर प्रकल्प घेणार नाही. दहा नोव्हेंबरला द्यायचा आहे. तो अडला की वर्ष अडलं, आणि बाबा तर मालाचा ट्रेलर नेतील तिथे घरातली पहिली पदवीधर म्हणून माझं नाव सांगत सुटले आहेत.

माझ्या खोलीतली सुचिता म्हणाली, आत्या बाबांच्या व्हॉट्सअॅपवरून धाडते त्या बोलक्या निरोपांवरून कॉम्प्युटर तिचा आवाज बनवील. करून पाहिलं. त्यातली तू अगदी तुझ्यासारखी गायलीस. मी ते पुसलं, तरी चैन पडेना. एक दिवस इथे येऊन गाशील का? कॉलेजात त्यासाठी शांत खोली आहे.

तुझी माया भरतीचीच असू दे.
तुझी, कल्पिता


वढाव,
११ ऑक्टोबर

चि. कल्पितास,
सोनूआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या बापाने, बुधाजीने, विचारलं काय लिहिलंय. मी सांगितलं, पोरीने पापलेट मागितलंय. त्याने खरंच आणलं. आम्ही तुझ्या नावाने खाल्लं.

खोलीत येऊन गाणार नाय. लग्न नसताना धवला गायचा नाय, ही माझ्या गुरुणीची, मनुबाईची शपथ हाय. धवल्यात देवांना नावं घेऊन मूळ धाडतात. ते आले आणि मांडवच नसला, तर बसतील कुठे? तुझ्या शांत खोलीत? आणि आता चातुर्मास, लग्नाची तिथ नाय. त्या कॉम्प्युटरमधल्या सोनूबाईला विचार, तिने कुणाला बोलावलंन.

पण तोंड पाडू नको. दोन तारखेला आपल्या अंगणात तुळशीचं लग्न हाय. तुळशीला धवलारीण कोण बोलावत नाय, पण लग्न ते लग्न. मी गाईन. फक्त माझ्या मांडवात कुणी नुसतं उभं राहायचं नाय. प्रत्येक ओळ तू माझ्यामागून धरायची. येताना चहात बुडवायला पनवेलचे बटर आण.

आठवण करतेस तशी करत राहा.
सोनूआत्या


पनवेल,
४ नोव्हेंबर

ती. आत्यास, शि. सा. नमस्कार.

तुळशीच्या लग्नाहून आल्यापासून खोलीत येरझाऱ्या घालते आहे. झिजेल म्हणून सुचिताने चटई गुंडाळून ठेवली.

माइक मी तुझ्या पदराला लावला होता. रेकॉर्डिंग ऐकते तर पुढे माझाच आवाज. बेसूर, अडखळणारा. तू लांब, परसात उभी असल्यासारखी. फोटो पाहिले, तर माइक माझ्या ओढणीला. प्रणयची खोडी समजून त्याला झाडलं. तो म्हणतो, आत्यानेच काढून तुला लावला. मी शब्द धरण्यात इतकी गुंतले होते की मला पत्ताच नाही. असं का केलंस? लागलेलं लग्न पुन्हा लावता येत नाही. कॉम्प्युटरवर माझा आवाज काढायला गेलं की तुझाही फाटतो. दहा तारीख तोंडावर आली आहे.

रागाने लिहिते आहे, पण राग धरू नकोस.
कल्पिता


वढाव,
६ नोव्हेंबर

चि. कल्पितास, आशीर्वाद.

प्रणयला उगाच झाडलंस. मीच लावला. मांडवात माइक ज्याचा आवाज कमी त्याला देतात. माझा खाडीपलीकडे जातो, मला कशाला? तुझा तर तुलाच ऐकू येत नव्हता. ते यंत्र आवाज मोठा करायला नाय, साठवून ठेवायला हाय, हे मला काय ठाव. चुकलं माझं. वर्ष अडलं तर बुधाजीला मी सांगेन.

एक मात्र लिहिते. माझ्याकडे शिकायला आलेल्या पोरी डीजे आल्यावर गेल्या. त्या दिवशी मी दम घ्यायला थांबले आणि पुढची ओळ मागून आपोआप आली. मी वळून पाहिलं नाय. म्हटलं, पोर लाजेल.

जपून राहा, वेळेवर जेव.
सोनूआत्या


पनवेल,
११ नोव्हेंबर

ती. आत्यास, शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र वाचून ती जागा शोधली. तू थांबतेस, मी एकटी असते, आणि मग तू माझ्यात येऊन मिसळतेस. त्याआधी प्रत्येक ओळीला माझ्या कानाशी तुझी कुजबुज आहे, पुढचा शब्द सांगणारी. तुझ्या पदराला माइक असता तर त्यात मी नसतेच. काही पुसलं नाही. तसंच काल दिलं.

सरांनी विचारलं, पुढे ही शिकाऊ मुलगी कोण? मी म्हटलं, मीच. आवाजाचे गुण कापले, पण प्रकल्प घेतला. बाबांना फोन केला तेव्हा स्पीकरवरून प्रणयने लगेच नवा बॅनर मागितला. या वेळी माझ्या नावाचा, तोही मीच करायचा.

आता मन लागत नाही ते वेगळ्याच कारणाने. ओळी सारख्या तोंडाशी येतात आणि तुझी शपथ आड येते. सुचिता विचारते, नुसते ओठ कसले हलवतेस. गावात पहिलं लग्न कुणाचं आहे, ते परतीच्या पत्री कळव.

येताना बटर आणते. माइक दोन आणते.
तुझी, कल्पिता